रोटी टाकायची कधी?

पाहुणे पुढच्या खोलीत बसले होते, मागच्या अंगणात चुलीवर पालथं मडकं तापलं होतं आणि रुक्माबाईंच्या हातून पहिलीच लांब रोटी थेट चुलीत पडली.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, हे कोणी ऐकलं असतं तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. सैल कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झोके देत रुमालासारखा पातळ करायचा आणि एका झटक्यात मडक्यावर टाकायचा, ही नागपूरकडची विद्या रुक्माबाई झोपेतही करतील अशी त्यांची ख्याती. आणि हात नेमके आजच रुसले. आज तर सगळं रोटीवरच अडलं होतं.

झालं होतं असं. रेल्वेतून रिटायर झालेले दुर्गचे दौलतराव मुलासाठी, सुजयसाठी, रुक्माबाईंच्या सुनिताला पाहायला आले होते. सुजय आणि सुनिता एकमेकांना कधीचे पसंत होते. पण सुनिता जवळच्या उतई गावच्या शाळेत शिकवत होती, आणि दौलतरावांनी चहा संपायच्या आत सांगून टाकलं, "आमच्या घरची सून नोकरी नाई करत."

"थोडा विचार करा ना भाऊ," रुक्माबाईंचे यजमान भाऊराव म्हणाले. ते कारखान्यात क्रेन चालवत.

"आधी रोटी खाऊ द्या. पोट भरलं का मंग शेवटचं बोलतो."

दौलतरावांच्या पत्नी बेबीताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांचं वाक्य दौलतरावांनीच पुरं केलं. त्यांच्या घरात बहुतेक वाक्यांचं असंच होत असावं. इकडे सुनिता डोळे पुसत अंगणात आली. "आई, रोटी अशी कर का त्यायच्या तोंडून 'नाही' निघालंच नाई पाहिजे."

आणि आईने रोटी चुलीत घातली.

दोष धाकट्या मुलाचा, अमरदीपचा. तो फिजिओथेरपी शिकत होता. मागे एकदा रोट्या करताना त्याने मोबाइलवर आईच्या हातांचं शूटिंग केलं होतं. मघाशी ते दाखवत त्याने वर ज्ञानही पाजळलं. "आई, तुझे हात दोन अलग कामं करून राहिले. झोका देणं तालाचं काम. एक बार चालू झालं का आपोआप चालते. पण टाकणं एकदाच सुरू होते, एकदाच संपते. त्याच्यासाठी दिमागाले दर वेळी नवा हुकूम द्यावा लागते."

"हुकूम? मी देते?"

"मंग कोण देते?"

"कधी?"

तेवढ्यात पाहुणे आले आणि अमरदीप दार उघडायला पळाला. तो 'कधी' मात्र रुक्माबाईंच्या डोक्यात बसला तो बसलाच.

त्यांनी दुसरा गोळा घेतला. झोका छान चालला. चालतच राहिला. रोटी ओढणीएवढी झाली.

"आई, टाक ना!" सुनिता ओरडली.

"हुकूम आला का टाकते ना बापा!"

हुकूम आला, पण उशिरा. रोटी कपड्याच्या दोरीवर, भाऊरावांच्या खाकी पँटीशेजारी जाऊन वाळत पडली.

"थांब, मी मोजतो," भाऊराव म्हणाले. "एक, दोन, तीन. तीनले टाक. क्रेनवर आमी असंच करतो."

"तीन म्हणताना टाकू का म्हणल्यावर?"

भाऊराव विचारात पडले. ती रोटी त्यांच्या खांद्यावर पडली.

"अजून वेळ हाय का हो?" पुढच्या खोलीतून दौलतरावांचा आवाज आला.

सुनिताने भावाचा दंड धरला. "तू बिगाडलं, तूच सुधार."

अमरदीपचा चेहरा उतरला. "आईचं दिमाग दुसरीकडे लावा लागन. बाबा, तुमी आईसोबत भांडा."

"पाहुणे घरात असताना?"

"बाबा, दीदीच्या नोकरीचा सवाल आहे!"

भाऊरावांनी घसा खाकरला. "तुझ्या भावाच्या लग्नात वांग्याच्या भाजीत मीठच नोतं."

"काय म्हणलं?" रुक्माबाई गर्रकन वळल्या आणि हातातली रोटी मडक्यावर अशी बसली की एक सुरकुती नाही. "मीठ नोतं? मंग मांडवात पत्रावळ चाटून कोण राहिलं होतं?"

"आन तुझा भाऊ स्टेशनवर घ्यायले आला होता का?"

"तुमी कळवलं होतं का?" दुसरी रोटी बसली.

मग काय, गाडी सुटली. आधी भाऊराव जुळवून जुळवून बोलत होते. पुढे खरंच सुचायला लागलं. टोपल्यात रोट्यांचा ढीग आणि अंगणात आवाज, दोन्ही चढत गेले.

जेवायला वाढलं. दौलतरावांनी रोटी मटणाच्या रश्श्यात बुडवली, पहिला घास खाल्ला आणि विचारलं, "तुमच्या घरी नेहमी असंच चालते का हो? पोरगी बी अशीच भांडते का?"

सुनिताचा चेहरा पांढरा पडला. बहिणीचं जमलेलं लग्न आपल्यामुळे मोडतंय हे पाहून अमरदीपला राहवेना. त्याने हात जोडले आणि सगळं खरं सांगितलं: ताल, हुकूम, चुलीत पडलेली रोटी, मुद्दाम काढलेलं भांडण.

दौलतराव पुढचा घास घेत हसले. माणूस तसा रसिक होता. त्या हसण्याने अमरदीपला जोर आला.

"सगळ्याच कामात असते काका. आता तुमचंच पाहा ना. चावणं तालाचं, गिळणं एकदाच. दिमागानं हुकूम दिला का मंगच घास खाली जाते."

दौलतरावांचा जबडा थांबला. पुन्हा चालू झाला. त्यांनी छताकडे पाहिलं, मग ताटाकडे. मान पुढे काढली. घास काही गेला नाही.

"मंग भाऊ, काय ठरवलं?" भाऊरावांनी भीत भीत विचारलं.

दौलतरावांनी 'थांबा' म्हणून बोट वर केलं आणि चावत राहिले.

बेबीताईंनी नवऱ्याकडे एकवार नीट पाहिलं. चार माणसांत हा माणूस गप्प बसलेला त्यांनी उभ्या संसारात पाहिला नव्हता. त्यांनी पदर सावरला.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "पोरगी आमाले पसंत हाय. आन नोकरी सोडाची नाई. दुर्गवरून उतई काई परदेशात नाई."

"हूं! हूंऽऽ!" दौलतरावांनी दोन्ही हात हलवले.

"पाहा, तेबी हो म्हणून राहिले."

सुनिताने हसत हसतच डोळे पुसले. बापाशेजारी बसलेल्या सुजयने पहिल्यांदा मान वर केली. एवढ्यात दौलतरावांचा घास कसाबसा उतरला. "अगं, पण मी..."

रुक्माबाईंनी गरम रोटी त्यांच्या ताटात टाकली. नेमकी मधोमध. "घ्या ना भाऊ, थंडी होऊन जाईन."

रोटीचा वास अंगावर आला. दौलतरावांनी मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि मग त्यांना आठवलं.

बेबीताई जरा पुढे सरकून बसल्या. "आता तारखेचं बोलून घेऊ," त्या म्हणाल्या.