पारिजात कॉलनीतील शंभर टक्के तण

इंदूरच्या राजेंद्र नगरातील पारिजात कॉलनीच्या बगीच्यात गवत होते. त्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. पुढे जे घडले त्याचे मूळ कारण हेच होय.

हे गवत मारुतीराव पागनीस यांनी लावले होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी देवासच्या भावाकडून पोतेभर हरळीच्या काड्या आणल्या, एका पावसाळ्यात रोवल्या आणि नंतरची अकरा वर्षे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि दर दहा दिवसांनी कापणी, एवढेच केले. "हरळीला ऊन हवं, पाणी हवं, आणि माणसानं डोकं चालवायला नको," असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी शालिनीबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर याच गवतावर पुन्हा चालायला शिकल्या. डॉक्टरांनी मऊ जमीन सांगितली होती. रोज सकाळी अनवाणी बारा फेऱ्या मारायच्या, हे त्यांचे औषध.

जुलैत 'हरित वसाहत स्पर्धा' जाहीर झाली. मी कॉलनी समितीचा सहसचिव. इतिवृत्त लिहिणे आणि पोहे-जिलेबी सांगणे ही माझी कामे. सचिव नीरज लघाटे यांनी ऑनलाइन अर्ज उघडला आणि बगीच्याची माहिती भरायला मारुतीरावांना बसवले. 'लॉनची जात' या रकान्यात आठ नावे होती. हरळी त्यांत नव्हती. ती खालच्या रकान्यात सापडली : 'तण (टक्केवारी लिहा)'. मारुतीराव सिग्नल खात्यातले. लाल दिव्याला हिरवा म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी शंभर लिहिले.

दोन मिनिटांत उत्तर आले : 'आपल्या वसाहतीत बगीचा आढळून आला नाही. तण आढळून आले. कृपया निर्मूलन करून पुन्हा अर्ज करावा.'

तातडीची सभा भरली. नीरजनी लॉन सल्लागार ईशा मॅडमना बोलावले होते.

"मॅडम, यादीत पहिलं नाव बर्मुडा आहे ना?" मारुतीराव म्हणाले, "हरळीलाच इंग्रजीत बर्मुडा म्हणतात. आपल्याकडे आहेच ती."

"काकाजी, बॉटनिकली सेम असेल," ईशा मॅडम हसल्या, "पण डॉक्युमेंटेशन वेगळं आहे. बर्मुडा लावलेली असते. हरळी उगवलेली असते."

"मीही लावलीच आहे."

"सर्टिफिकेट?"

"भावानं पोत्यात भरून दिली. पोतं आहे घरी."

"मग ती उगवलेलीच धरावी लागेल."

"काका, टेन्शन नका घेऊ," नीरज म्हणाले, "आपण हीच घास काढून हीच लावतोय. फक्त इस बार सिस्टम से."

ठराव मतास टाकला. तेवढ्यात पोहे आले आणि मी माझ्या बशीत सेव जास्त टाका म्हणून हात वर केला. इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असे लिहिले गेले. लिहिणारा मीच होतो.

सप्टेंबरात भूमिपूजन झाले. गुरुजींनी एकवीस दूर्वा मागितल्या. यजमान म्हणून बसलेल्या नीरजना ताटात त्या दिसेनात. खजराण्याच्या गणपतीकडून जुडी आणायला स्कूटर निघणार, एवढ्यात शालिनीबाई वाकल्या आणि पायाखालच्या हरळीच्या एकवीस काड्या खुडून त्यांनी ताटात ठेवल्या. नीरजनी त्या डोळ्यांना लावल्या, देवाला वाहिल्या आणि तणनाशकाच्या पंपाला कुंकू लावून निर्मूलनास प्रारंभ केला.

दोनदा फवारणी झाली. वरची माती खरवडून फेकली. ऑक्टोबरात ट्रकमधून बर्मुडाच्या गुंडाळ्या आल्या आणि सतरंजीसारख्या अंथरल्या गेल्या. मग 'लॉन संरक्षण नियमावली' आली. नियम एक : गवतावर चपला घालून चालू नये. नियम दोन : गवतावर अनवाणी चालू नये, घामातील मीठ गवतास अपायकारक आहे.

"मग चालायचं कसं?" शालिनीबाईंनी विचारले.

"काकू, लॉन चालायला नसतं," नीरज म्हणाले, "लॉन पाहायला असतं."

शालिनीबाई फरशीवरून चालू लागल्या. पंधरा दिवसांत गुडघा सुजून नारळाएवढा झाला. मारुतीरावांनी समितीकडे विशेष परवानगीचा अर्ज केला. 'चालण्याचे प्रयोजन' या ओळीत त्यांनी 'चालता यावे म्हणून' असे लिहिले. तीन बैठकांनंतर मानवतेच्या भूमिकेतून परवानगी देण्यात आली : दररोज सहा पावले, पहारेकऱ्याच्या उपस्थितीत, वजनाचा दाखला जोडून.

दुसऱ्या दिवशी शालिनीबाई काठी टेकत आल्या, सहा पावले चालल्या आणि गवताच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"सहा झाली," पहारेकरी अवघडून म्हणाला.

"हो रे, मोजली मी. आता परत कशी येऊ?"

नियमात परतीचा उल्लेख नव्हता. पहारेकऱ्याने नीरजना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. शालिनीबाई पाऊण तास उभ्या होत्या. शेवटी मारुतीराव फाटकातून आत शिरले आणि बायकोचा हात धरून तिला घेऊन आले. त्याबद्दल त्यांना नोटीस मिळाली. त्या दिवसापासून शालिनीबाई घराबाहेर पडेनाशा झाल्या.

डिसेंबरात थंडी पडली आणि बर्मुडा पिवळी पडली. कॉलनीत हाहाकार झाला.

"अरे, झोपली आहे ती!" मारुतीराव कळवळून सांगत होते. "हे उन्हाळी गवत आहे. थंडीत झोपतं, फेब्रुवारी संपता संपता उठतं. खत नको, जास्त पाणी नको. हात जोडतो, पडू द्या."

"काकाजी, आमच्या प्रपोजलमध्ये 'सदाहरित' असा शब्द आहे," ईशा मॅडम म्हणाल्या. "झोपेचं प्रोव्हिजन नाही."

झोपलेल्या गवताला जागे करण्यासाठी दिवसातून तीनदा पाणी आणि आठवड्याला खत सुरू झाले. तरी हिरवेपणा येईना, तेव्हा रंगपंचमीला दोन महिने अवकाश असताना त्यावर हिरवा रंग फवारला गेला. जानेवारीअखेर मुळे कुजली. कुत्र्याने एक कोपरा ओढला, तर अख्खी पट्टी पापडासारखी उचलली गेली. फेब्रुवारीत समितीने मृत लॉन रात्रपाळीच्या पहाऱ्यात ठेवले, कोणी नुकसान करू नये म्हणून.

मार्चमध्ये ऊन चढले. एका सकाळी मारुतीराव कुंपणाबाहेरून बघत असताना एकदम खाली बसले. मला वाटले चक्कर आली. पण ते बोट दाखवत होते. कुजलेल्या पट्ट्यांच्या सांध्यांतून बारीक हिरवी टोके वर आली होती. वीतभर खाली राहिलेली जुनी मुळे दोन फवारण्या, एक खरवडणी आणि एक समिती पुरून उरली होती.

"कोणाला सांगू नका अशोकजी," ते कुजबुजले. "कळलं तर काळजी घेतील."

मी सांगितले नाही. समितीच्या कारकिर्दीतले माझे तेवढेच भरीव कार्य. तीन आठवड्यांत बगीचा गच्च हिरवा झाला. पुन्हा केलेल्या अर्जानुसार स्पर्धेचे तपासणी पथक आले. मुख्य परीक्षकांनी गुडघे टेकून एक पाते चोळले, वास घेतला.

"वा! कोणती जात?"

"बर्मुडा, सर," नीरज म्हणाले.

"दिसतंच आहे. हरळीला हे तेज येत नाही."

प्रथम क्रमांक जाहीर झाला. मात्र प्रमाणपत्रासाठी बगीच्याच्या मूळ माहितीदाराची, म्हणजे मारुतीरावांची, सही हवी होती : 'येथे हरळी नाही, असे मी शपथपूर्वक सांगतो.'

मारुतीरावांनी कागद दोनदा वाचला. खरे सांगावे, तर फवारणीचे पंप पुन्हा येणार. त्यांनी पेन बाजूला ठेवले.

"शालिनी चालेल यावर," ते म्हणाले. "रोज. परतीच्या पावलांसकट. नियमावलीत तसं लिहा, मग सही करतो."

नीरजनी लिहिले. मारुतीरावांनी आयुष्यातली पहिली खोटी सही केली आणि सरळ घरी जाऊन बायकोला हाताला धरून घेऊन आले. त्या दिवशी शालिनीबाईंच्या तीनच फेऱ्या झाल्या. आता नऊ होतात.

आमचे लॉन सध्या इंदूरभर गाजते आहे. इतर कॉलन्यांच्या समित्या बघायला येतात, फोटो काढतात. "आमच्याकडे तर नुसती हरळी माजली आहे हो," म्हणून हळहळतात आणि ईशा मॅडमचा नंबर मागतात. आतापर्यंत एकोणीस समित्यांनी नेला. गवतावरून हळूहळू चालणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला अजून एकानेही काही विचारलेले नाही. फोटोत ते मध्ये येतात, म्हणून त्यांना जरा बाजूला व्हायला मात्र सांगतात.

नंबर माझ्याकडे आहे. तुमची समिती कधी येते आहे?