दिनकरभाऊंच्या अटी

फोटोतल्या बैलाची शिंगं रंगवायची असतील तर आधी अर्ज करा, असं सांगणारा माणूस मी बुलढाण्यातच पाहिला. दिनकरभाऊ फोटोवाले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि अर्ज करायची सगळ्यांनाच हौस होती.

भाऊ बाजारात, वावरात फिरून फोटो काढत आणि लोखंडी पेटीत साठवून ठेवत. दुकानदार त्यातला एखादा निवडून कॅलेंडरवर नाहीतर दुकानाच्या फलकावर लावत. पण फोटो हातात पडण्याआधी अटी ऐकाव्या लागत. छापा, टांगा, हार घाला. कापायचं नाही, रंगवायचं नाही, वरून काही चिकटवायचं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, आणि तो भाऊ हमखास नामंजूर करत. या अटी लिहून द्यायचो मी, कोर्टासमोरचा अर्जनवीस. खरं सांगतो, लिहून झाल्यावर मलाही त्या कळत नसत.

"अवो भाऊ, पोळ्याले खऱ्या बैलाचे शिंगं रंगवतो मी," गुरांसाठी सरकीची ढेप विकणारा एक ढेपवाला वैतागून म्हणाला.

"खरा तुहा हाय. हा माहा."

"मंग मी इकत काय घेतलं?"

"पाह्याचा हक्क."

ढेपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टाक दौतीत बुडवला आणि तिथंच ठेवला.

एका तेलवाल्यानं डोक्यावर टोपलं घेतलेली हसरी बाई निवडली. त्याला तिच्या नाकात नथ हवी होती. भाऊ म्हणाले, "तू फोटो घेतला बे, बाई नाही घेतली." कॅलेंडर बिननथीचं निघालं.

ते कॅलेंडर पाहून उंद्रीचा शेषराव नावाचा शेतकरी आला.

"हे माही माय हाय," तो म्हणाला. "मांगच्या साली गेली. घरी तिचा एकबी फोटो नाही. हा मोठा करून द्या, पण टोपलं काढून टाका. जलमभर तेच वाह्यलं तिनं."

मी सवयीनं अटींचा कागद पुढे केला. भाऊंनी तो घेऊन पालथा ठेवला.

"फोटो काढतानी म्या तरी कुठं तिले इचारलं होतं," ते हळूच म्हणाले.

दोन दिवस ते ब्रश घेऊन बसले. टोपलं गेलं, तिथं आभाळ आलं. पण टोपल्याला धरलेला हात तसाच वर राहिला, रिकामा. भाऊ पार गोंधळून गेले. शेषराव फोटो न्यायला आला तेव्हा म्हणाले, "थांब गड्या, हातबी पुसून टाकतो."

शेषरावनं फोटो आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "वावरातून मले अशीच बलावे."