गायधनींचा बोळ

गायधनी माझ्या वर्कशॉपमध्ये आले की नमस्कार नंतर करतात. आधी टेबलावरच्या पेनाचं टोपण उचलून त्यात फुंकतात. मग कुलपाच्या भोकात, मग एखाद्या नटात. अंबडच्या एका मिसळवाल्याकडे त्यांनी मिठाच्या डबीत फुंकलं, तेव्हा समोरच्या गृहस्थांना चष्मा पुसावा लागला. "भोक चांगलंय," एवढंच म्हणून गायधनी पुन्हा रस्सा ओरपायला लागले.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, पायात कायम चपला आणि खिशातल्या डबीत कणकेचा गोळा. हो, कणकेचाच.

त्यांचा धंदा असा. व्हिडिओ कॉलसाठी पातळ टॅबलेट बनवणाऱ्या एका कंपनीत ते आवाजाचं काम बघतात. ते यंत्र म्हणजे दोन बिस्किटं एकावर एक ठेवावीत एवढंच जाड. आत स्पीकर आडवा झोपलेला आणि आवाज बाहेर पडायचं भोक पार कडेला. या दोघांमधल्या चिंचोळ्या वाटेला गायधनी बोळ म्हणतात. राहायला पंचवटीतल्या गल्लीबोळांत, त्यामुळे त्यांना दुसरा शब्द सुचणार तरी कुठून!

"शेठ, तुमच्या बोळात आवाज शिरतो, वळणावर डोकं आपटतो आणि बोबडा होऊन बाहेर येतो," असं ते मला माझ्याच खुर्चीत बसून सांगतात.

तो बोळ प्लास्टिकमध्ये उमटवणारा पोलादी साचा मी बनवतो. तिथेच आमचं बिनसलं, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. वाचणाऱ्यांनी न्याय करावा.

मी काही कॉलेजातून आलेलो नाही. विंचूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलत मोठा झालो. भाव कसा पाडायचा ते तिथेच शिकलो आणि त्यावरच हे वर्कशॉप उभं केलं. तर साचा झाला, नमुने निघाले, कंपनीतल्या झाडून सगळ्यांनी गाणी लावून माना डोलावल्या. फक्त गायधनींची सही राहिली होती. ती झाली की काम सुरू. नाही झाली तर त्या कामासाठी मोकळी ठेवलेली माझी मशिनं नुसती बसून राहणार.

आणि हे गृहस्थ म्हणाले, "गाणं कुठूनही बाहेर येतं हो. बोलणं येत नाहीये. बोळ सरळ करा आणि अर्धा मिलीमीटर रुंद करा."

आता प्लास्टिकमधली पोकळी वाढवायची म्हणजे साच्यातलं पोलाद वाढवायचं. पोलाद तासून काढणं सोपं. वर चढवायचं म्हणजे वेल्डिंग करा, घासा, पुन्हा पॉलिश करा.

"एक दशांश देतो," मी म्हटलं.

"अर्धा."

"बरं, दोन दशांश. तुमच्या तोंडाकडे बघून."

"मी नाही हो मागत, आवाज मागतोय. त्याला घासाघीस कळत नाही."

"मग त्याला पाठवा माझ्याकडे, मी समजावतो!"

शेवटी तीन दशांशावर मिटलं. वळण तसंच ठेवलं. नवा नमुना आला, तेव्हा गायधनींनी डबी उघडली. कुठल्या फटीतून आवाज गळतो हे शोधायला ते एकेक फट कणकेनं बुजवतात आणि कान लावून बसतात. "घरची कणीक आहे, मऊ मळलेली," हेही वर अभिमानानं सांगतात. त्यातला एक नमुना कणकेसकट खोक्यात गेला आणि दमट हवेत आठवडा काढून थेट कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर उघडला. साहेबांचा फोन मला! "तुमच्या प्लास्टिकला केस कसे आले?"

एवढं होऊनही सही नाहीच. "स आणि श अजून विरघळतात," म्हणे.

माझं डोकं सटकलं. रविवारी सकाळी मी तरातरा त्यांच्या घरी गेलो. आज सोक्षमोक्ष लावायचा होता. दार वहिनींनी उघडलं आणि अगदी हळू, नुसत्या श्वासात म्हणाल्या, "या ना, बसा. हे भाजी आणायला गेलेत."

घरात कोणी आजारी झोपलंय वाटतं, म्हणून मीही आवाज खाली आणला. "वहिनी," मी कुजबुजलो, "तुमच्या यजमानांनी माझं वाटोळं केलंय." कुजबुजत भांडणं फार अवघड. शिव्यांतला जोरच जातो. पाच मिनिटं मी हात उडवत, दात ओठ खात, पण मांजराच्या पावलानं भांडलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसून त्याच आवाजात म्हणाल्या, "भाऊ, घरात कोणी झोपलेलं नाही. घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझाच आवाज एवढा उरलाय. तुम्ही मोठ्यानं भांडा, बिनधास्त."

मी खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं.

"समोर बसलं की कळतं लोकांना," त्या म्हणाल्या. "फोनवर नाही कळत. लेकसुद्धा म्हणते, आई, रेंज नाहीये, नंतर बोलू. मग मी फोन घेणंच सोडलं. यांना वाटतं, वाट नीट केली की मी पोचेन."

गायधनी यायच्या आत मी निघालो.

त्या आठवड्यात मी बोळ सरळ केला. पुरता अर्धा मिलीमीटर रुंदही केला. का, ते विचारू नका. मशिनं रिकामीच होती.

नवा नमुना जोडून झाला, तेव्हा जेवणाची सुट्टी होती. गायधनींनी मशिनं बंद करायला लावली, कॉम्प्रेसरही बंद करायला लावला. मग घरी निरोप धाडला, की कर आता फोन. वाट बघताना ते कशातही फुंकत नव्हते. टॅबलेट वाजला.

"अहो," आवाज आला. श्वासाएवढाच, पण अक्षर न् अक्षर सुटं. "जेवलात का? येताना शेपूची जुडी आणा. सुकलेली नको."

माझा फोरमन रामदास पलीकडच्या मशिनशी डबा खात होता. तिथून तो ओरडला, "आरं, वहिनी लय स्पष्ट बोलत्यात की!"

गायधनींनी त्याला हातानंच गप्प केलं. मग ते टॅबलेटकडे वाकून म्हणाले, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं. परत सांग."

वहिनींनी परत सांगितलं.

"अजून एकदा सांग गं."

"बहिरे झालात की काय?" वहिनी ओरडल्या. कुजबुजीत जेवढं ओरडता येतं, तेवढं. "शेपू! शेपू म्हणतेय मी!"

गायधनी डोळे मिटून ऐकत होते. शेपू आणायचं त्यांनी अजून कबूल केलं नव्हतं.