खिल्लारे सरांच्या कापसाची सोयरीक

मी आजवर जेवढ्या लग्नांना हजर राहिलो, त्यातली निम्मीअधिक कापसाची होती. माणसांच्या लग्नात निदान जेवण तरी मिळतं. खिल्लारे सरांच्या लग्नांत भल्या सकाळी पेडगावच्या शिवारात चिखल तुडवत जायचं, झाडाजवळ उकिडवं बसायचं आणि सरांनी मान हलवली की टाळ्या वाजवायच्या.

सर आमच्या शेजारचे. परभणीत जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पेन्शनीत निघाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. फक्त विद्यार्थी बदलले. गावरान कापूस आणि अमेरिकन कापूस यांची सोयरीक जमवायची हा त्यांचा ध्यास. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी गावरान कळी हेरायची, तिच्यातले पुंकेसर नखानं अलगद काढायचे, आणि वाऱ्या-माशीनं भलतंच स्थळ आणू नये म्हणून उरलेल्या स्त्रीकेसराच्या टोकावर सरबताच्या नळीचा तुकडा बसवायचा. सकाळी अमेरिकन फुलाचे पराग आणून लावायचे. सर या कामाला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जात. "आमच्यात लग्नाला पांढरंच लागतं," म्हणायचे.

त्या नळ्यांपायी परभणीतल्या रसवंत्यांवर काय संकट आलं, ते मला विचारा. फुलांच्या हंगामात गावात नळी म्हणून मिळायची नाही. भले भले लोक वाटीनं उसाचा रस पिताना मी या डोळ्यांनी पाहिलेत.

लग्नं लागायची, पण टिकायची नाहीत. कोवळी बोंडं गळून पडायची. सर गळलेलं बोंड तळहातावर घेऊन म्हणायचे, "गुणसूत्राचा मामला हाय. गावरानाची सव्वीस, अमेरिकनची बावन्न. जोड्या कशा लागाव्या?" जिंतूरची एसटी घाटात बंद पडली तरी गुणसूत्राचा मामला, शेजारच्या सासूसुनेचं वाजलं तरी तोच. पोखर्णीला माझ्या भाच्याच्या लग्नात सरांच्या हाती शुभेच्छांसाठी माईक दिला, ही माझीच अक्कल. नवरीकडची तेवीस, नवरदेवाकडची तेवीस इथून त्यांनी सुरुवात केली. ते माशापर्यंत पोचले तोवर आचाऱ्यानं भात नव्यानं टाकला, आणि माकडापर्यंत आले तेव्हा नवरदेवाची दाढी वाढली होती.

टाळ्या वाजवणारे हळूहळू गळाले. उरलो मी आणि सुलोचना सिस्टर. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आमच्याच गल्लीतल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सरांची बायकोही तशीच मागं आजारपणात गेलेली. सिस्टर आधी नुसत्या बघायला यायच्या. मग म्हणाल्या, सर, तुमचा हात थरथरतो, आणा इकडं. जन्मभर लेकरांच्या शिरा शोधलेल्या त्या बोटांनी असे काही पुंकेसर काढले, की फुलाला पत्ता लागू नये. पुढं पुढं सर मला म्हणायला लागले, "तुमी आज आराम करा, लय दगदग होती तुमची." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गल्लीच्या डोक्यात तो आधीच पडलेला होता.

एकदा परतताना सरांनीच मला सांगितलं. दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. पण जिंतूरला दिलेली मुलगी, प्रज्ञा, हो म्हणाली तरच. "ती न्हाई म्हणली, तर विषय संपला," सर म्हणाले, आणि बांधापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. खिल्लारे सर गप्प. मला वाटलं, सूर्यग्रहण लागलं.

प्रज्ञाच्या कानावर गल्लीनं आधीच घातलं होतं. रविवारी ती तरातरा आली. सरांनी धीराला मला बोलावून घेतलेलं. सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत, पदर आवळून. प्रज्ञा त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "बाबा, काय चाललंय ते सरळ सांगा."

सरांनी घसा साफ केला. "लाखो वर्षांमागं," ते म्हणाले, आणि मी कपाळाला हात लावला.

पण सुटलेल्या सरांना कोण धरणार? सांगत गेले. हा शिवारातला अमेरिकन कापूस मुळात एक नव्हताच. इकडच्या एका कापसाचं बी कसं कोण जाणे समुद्रापार गेलं. तिथल्या कापसाशी त्याची गाठ पडली. दोघांची गुणसूत्रं एका पेशीत आली, पण जोड्या लागेनात. मग कधीतरी निसर्गाची चूक झाली आणि सगळीच गुणसूत्रं दुप्पट झाली. ज्याला त्याला जोडीदार मिळाला, बी धरलं, नवी जात उभी राहिली.

"आता एका घरात दोन संसार," सर म्हणाले. "दोन कुकर, दोन तवे. प्रत्येक जनुक दोनदा. मग एक कामाला राहतं, एक बंद पडतं. एखादं भलतंच काम शिकतं. जुन्या कुकरात आपण तांदूळ ठेवतो की न्हाई, तसं. मांडण्या इकडच्या तिकडं होत्यात. लय पिढ्या लागत्यात घडी बसायला."

प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली, "आणि जे बंद पडतं, ते? ते फेकून देतं का झाड?"

ती कुणाबद्दल विचारतेय हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं. सर लेकीच्या पुढ्यात जमिनीवरच बसले.

"काही गळून जातं, पोरी. खोटं कशाला बोलू? पण पुष्कळ तिथंच राहतं. काम करत न्हाई, बोलत न्हाई. पण दर पिढीला, नवं बी तयार होताना, बाकीच्यासंगं त्याचीबी नक्कल उतरती. वापरात न्हाई म्हणून कापूस त्याला मागं टाकून जात न्हाई."

प्रज्ञा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. सिस्टर जायला म्हणून खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या.

ती दारात येऊन उभी राहिली. नाक लाल, हातात काळाभोर, जाड बुडाचा तवा.

"मावशी," ती म्हणाली, "आईचा तवा चांगला हाय. भाकरी ह्याच्यावरच फुगती. तुमचा आणू नका."

"माझा पातळच हाय," सिस्टर म्हणाल्या. "करपती भाकरी."

दोघी एकदमच हसल्या. सर मला म्हणाले, चहा टाकतो, आणि लगबगीनं आत गेले. बराच वेळ झाला तरी आतून गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही. आम्हीही कुणी त्यांना हाक मारली नाही.