भावी सरपंचाचं खोकं

टेकचंद पटलेचा प्लॅन एकदम पक्का होता. रविवारी सरपंच हिरालाल बिसेन आपल्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नाची बोलणी करायला त्याच्या घरी येणार होते. गावातलीच सोयरीक, म्हणजे अख्ख्या गावाचे कान टवकारलेले! तेव्हा तीन दिवस तोंड बंद, मान खाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "गरीब गाय बनून राहीन!" असं त्यानं रश्मीला फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं.

हे गुरुवारी. शुक्रवारी पार्सल आलं.

पाठवलं होतं पुण्याहून, ओमेश आणि गुड्डूनं. होस्टेलात तिघं एका खोलीत राहिलेले. टेकचंदची टिंगल केल्याशिवाय त्या दोघांना अन्न गोड लागत नसे. कुरिअरवाल्यानं गावात शिरायचा कंटाळा केला आणि तिरोडा रोडवरच्या छोटेलालच्या पानठेल्यावर खोकं ठेवून दिलं. वर चिकटवलेल्या कागदावर लाल अक्षरं होती : 'मा. टेकचंदभाऊ पटले, भावी सरपंच'!

छोटेलालला वाचता येतं, हे टेकचंदचं दुर्दैव. मोठ्यानं वाचायची सवय आहे, हे त्याहून मोठं.

टेकचंद धापा टाकत पोचला, तेव्हा खोक्याभोवती वीसेक माणसं जमली होती.

"काऊन गा, सासऱ्याचीच खुर्ची पाहून राहिला का?" छोटेलालनं विचारलं.

"अरे, दोस्तायनं मजाक केली!"

"पुण्याहून मजाक कुरिअरनं येते का? प्रचाराचं सामान होय ते!"

"मंग आमच्या गल्लीची नाली करून देजो," बकारामनं अर्जही टाकला.

टेकचंदनं ओमेशला फोन लावला. बंद! गुड्डूला लावला, तर तो नुसता हसत सुटला. तेवढ्यात रश्मीचाच फोन आला.

"बाबूजी तहसीलात होते, तिथं कोणीतरी खोक्याचं सांगतलं. तिकडंच येऊन राहिले."

"रागात हायेत का?"

"काहीच नाही बोलले."

हिरालाल ओरडले की तासाभरात निवतात. गप्प बसले की समोरचा कायमचा गेला! आणि रश्मीसाठी तो दोन वर्षं थांबला होता हो, तेही सिगारेट सोडून! आता खोकं घेऊन पळावं, तर लोक म्हणणार लपवतोय. ठेवावं, तर वाचणारे वाढतायत. येरझारा घालून शेवटी त्यानं नखानं कागद ओरबाडला. नेमका 'भावी' फाटला. उरलं नुसतं 'सरपंच'!

"पाय, पाय! निवडूनच आला!" बकाराम ओरडला.

आणि हिरालालची मोटरसायकल थांबली. हिरालालनी चष्मा लावून कागद वाचला.

"काकाजी, तुमची शपथ जी, मी..."

"उघड."

आत लांब दांड्याची, लाकडी दात्यांची एक काडी निघाली.

"हे काय होय?"

"पाठ खाजवाची काडी, जी. होस्टेलात माही पाठ लय खाजे. म्हणून पाठवली असन."

हिरालालनी काडी सदऱ्यात घालून पाहिली. डोळे मिटले. मग म्हणाले, "आज तहसीलात सोडत निघाली. आपलं सरपंचपद महिलायले गेलं. मी उभा राहू शकत नाही, अन् तू बी नाही. आता माही रश्मी उभी राहते. पण बाहेरगावी देली त इथल्या मतदारयादीतलं तिचं नाव जाते. मंग रविवारची वाट कायले पाहाची? सोयरीक पक्की!"

टेकचंदला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. हिरालालनी खिशातला पेन काढला आणि 'सरपंच' याच्यापुढं जोडून लिहिलं : 'पती'.

"पण काकाजी, मंग माहं काम काय राहीन जी?"

हिरालालनी काडी त्याच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि म्हणाले, "थोडं डावीकडं."

आणि टेकचंद वीस मतदारांसमोर मन लावून खाजवू लागला.