सुझुनोची कंबर

इसोगाई तात्सुओंना आयुष्यात कशाबद्दलही शंका म्हणून आली नव्हती. सत्तावन्न वर्षांचा माणूस, डोक्याच्या मधोमध वाटोळं टक्कल, पोटाला थोडासा फुगवटा, आणि काम काय, तर पंधरा वर्षांच्या मुलीसारखं नाचायचं.

'हात्सुबुताई' हे नाव जपानात लहान पोराला विचारलंत तरी सांगेल. एका अकादमीत बारा मुली गाणं आणि नाच शिकतायत, आयडॉल, म्हणजे मंच गाजवणाऱ्या तारका, व्हायची स्वप्नं बघतायत, एवढीच गोष्ट. पण तिची मालिका झाली, खेळ झाला, गाण्यांच्या तबकड्या झाल्या, आणि दर शरद ऋतूत त्या बारा जणींना आवाज देणाऱ्या खऱ्या मुली मंचावर उभ्या राहून तीच गाणी, तोच नाच करू लागल्या. या बारा जणींतली सर्वांत लाजरी ती सुझुनो. दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागणारी. तिचा आवाज एकीचा, चित्र दुसऱ्यांचं, आणि अंग इसोगाईंचं. नेरिमातल्या स्टुडिओत ते काळा घट्ट पोशाख घालून उभे राहत. पोशाखावर ठिकठिकाणी चमकते मणी. भोवतीचे कॅमेरे त्या मण्यांची हालचाल टिपत आणि पडद्यावर सुझुनो तशीच हलायची.

"सर, तुम्हाला हे जमतं कसं?" असं कोणी विचारलं, की इसोगाई म्हणत, "दोन मुली वाढवल्यात. रुसून खोलीत जाताना पाय कसा टाकतात, ते मला विचारा."

त्या जानेवारीत नव्या गाण्याचं चित्रण होतं. सकाळी घरातून निघताना बायको मिचिए कमरेचा पट्टा घेऊन दारात उभी.

"अहो, थंडी बघा केवढी आहे. बांधून जा."

"अगं, पट्टा बांधून मी वळलो की पडद्यावर सुझुनो कपाटासारखी वळते. आजवर एका खेपेत नाच दिलाय मी, आजही देणार."

आणि दिलाही. निदान दुसऱ्या कडव्यापर्यंत. तिथे एक गिरकी होती आणि गिरकीनंतर उजवा हात झोकात आभाळाकडे न्यायचा होता. इसोगाईंनी गिरकी घेतली, हात उचलला, आणि कमरेत कुणीतरी कुलूप लावून किल्ली खिशात टाकावी तसं झालं. उजवा हात अर्ध्यावर. डावा आपोआप कमरेवर. गुडघे किंचित वाकलेले, मान खाली. गाणं चाललंय आणि इसोगाई जागच्या जागी. चार ठोके गेले. मग त्यांनी दात आवळले आणि एकेक मणका विनवण्या करून सरळ केला. थरथरत, सावकाश हात वर नेला. उरलेला नाच त्यांनी पूर्ण केला, तो केवळ सवयीने.

काचेपलीकडे सगळे पडद्याकडे बघत होते. 'संपलं,' इसोगाईंच्या मनात आलं. ओसाकाच्या एका तेवीस वर्षांच्या नर्तकीचं नाव महिनाभर कानावर येत होतं. इतक्यात दार उघडून दिग्दर्शक हिरानुमा बाहेर आले. अडतीस वर्षांचा गंभीर माणूस. त्यांचे डोळे ओले होते.

"सर, हे काय होतं?"

इथे एखादा 'कंबर' म्हणाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण इसोगाईंचं तोंड त्यांच्याआधी बोलायचं.

"थांबणं," ते म्हणाले.

"थांबणं?"

"ती आभाळाकडे हात नेते. अर्ध्यात तिला वाटतं, आपल्याला जमेल का हे? आपण कोण? म्हणून थांबते. आणि मग भीतीसकट उभी राहते."

हिरानुमांनी रुमाल काढला. "परत एकदा घेऊ या?"

"नको," इसोगाई घाईने म्हणाले. "असल्या गोष्टी दोनदा होत नाहीत." त्या दिवशी ते एवढं एकच वाक्य खरं बोलले.

घरी आल्यावर ते तातामीच्या चटईवर पालथे पडले. मिचिए पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवू लागली. घरभर कापराचा वास.

"काय झालं?"

"कला झाली."

"ती नेमकी कमरेत कशी झाली?"

इसोगाईंनी उशीत तोंड खुपसलं.

एप्रिलमध्ये गाणं आलं आणि आठवड्याभरात त्या चार ठोक्यांना नाव पडलं, 'सुझुनोचं थांबणं'. शाळेच्या गणवेशातल्या मुली फलाटावर एक हात कमरेवर, एक अर्ध्यात, अशा उभ्या राहून एकमेकींचे फोटो काढू लागल्या. चाहत्यांनी अर्थ लावले. कुणी म्हणालं, तिला हरवलेली बहीण आठवते. कुणी चाळीस पानांचा लेख लिहून सिद्ध केलं, की तिची डावी करंगळी उत्तरेकडे आहे आणि उत्तरेला तिचं गाव आहे. हे वाचून मालिकेचे लेखक पेटले. त्यांनी अख्खा एक भाग लिहिला. सुझुनोची आजी चहाच्या मळ्यात राबते, दमली की कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघते, आणि मग पुन्हा पानं खुडायला लागते. नातीने ते थांबणं आजीकडून घेतलं.

इसोगाई आणि मिचिए तो भाग शेजारी बसून बघत होते. मिचिएला सगळं माहीत होतं, तरी तिचा पदर भिजावा इतकी ती रडली. पदर नव्हता म्हणून एप्रन भिजला. मग नाक पुसून तिने नवऱ्याकडे वळून बघितलं.

"अहो, म्हणजे त्या म्हातारबाई तुम्हीच की."

इसोगाईंना त्याचंही काही वाटलं नाही. उलट कावागुचीच्या समाजमंदिरात त्यांचा नाचाचा वर्ग चालायचा, तिथे ते 'थांबण्याचं शास्त्र' या विषयावर थोडं बोलूही लागले.

सप्टेंबरात त्या वर्गाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. फुकामाची कोनोमी, वय एकोणीस, अकिताची. सुझुनोचा आवाज या वर्षीपासून तिचा. शरदातल्या योकोहामाच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच मंचावर उभी राहणार होती.

"सर, बाकी सगळा नाच बसलाय," ती चप्पल हातात घेऊनच म्हणाली. "फक्त थांबणं जमत नाही. नृत्याच्या बाईंनी सांगितलंय, की कार्यक्रमाच्या आठवड्यापर्यंत जमलं नाही तर मला मागच्या रांगेत उभं करतील आणि मधली जागा दुसरीला देतील."

"करून दाखव."

कोनोमीने केलं. बसची वाट बघणारी बाई दिसली.

"मनात माघार आण," इसोगाई म्हणाले.

तिने आणली. आता बस चुकलेली बाई दिसली.

"आजीला आठव. दमलेल्या आजीला."

"माझी आजी दमत नाही सर. वय एक्याऐंशी आहे, अजून छपरावर चढून बर्फ उपसते. आम्हीच दमतो तिच्याकडे बघून."

इसोगाईंनी मग वाकलेला बांबू सांगितला, दमलेला बगळा सांगितला, स्वतःला जे जे सुचलं ते सगळं सांगितलं. मुलगी गुणी. ऐकेल तेवढं वहीत लिहून घ्यायची आणि रोज येऊन दोनशेदा ते थांबणं करायची. गिरकी, हात, थांब. गिरकी, हात, थांब. तिची ती वही बघून इसोगाईंना पोटात कुठेतरी बारीक टोचे, पण त्याला ते भूक म्हणत आणि भाताची एक ओनिगिरी खात.

सहा आठवडे हे चाललं. कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना, दुपारी, कोनोमीने कितवी कोण जाणे गिरकी घेतली, हात उचलला आणि थांबली. उजवा हात अर्ध्यावर. डावा कमरेवर. गुडघे किंचित वाकलेले. मान खाली.

"वा," इसोगाई उठून उभे राहिले. "वा, पोरी, हेच ते. जमलं तुला."

"सर," कोनोमी खालच्या मानेनेच म्हणाली, "मला हलता येत नाहीये."

इसोगाईंच्या हातातला घास तिथेच राहिला. ती वेदना त्यांना जगात सगळ्यांपेक्षा जास्त ओळखीची होती. त्यांनी तिला बगलेत धरून चटईवर आडवं केलं, गुडघ्यांखाली उशा दिल्या, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड त्यांच्याआधी बोललं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. जानेवारीची थंडी, पट्टा, कुलूप, सगळं.

कोनोमी छताकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे मी सहा आठवडे तुमची कंबरदुखी पाठ करत होते?"

"हो."

"आणि ती चहाच्या मळ्यातली आजी?"

"ती लेखकांची. मला विचारलं नव्हतं."

"आणि दमलेला बगळा?"

"तो माझा. चुकलं माझं."

ती हसू लागली. हसताना कंबर दुखायची म्हणून कळवळायची आणि कळवळताना पुन्हा हसायची. मग एकदम डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. "आई-बाबा येणारेत अकिताहून," ती म्हणाली. "तिकिटं काढून झाली त्यांची."

डॉक्टर म्हणाले, उभं राहायला हरकत नाही, चालायलाही नाही, नाच मात्र बंद. तिथून इसोगाई तिला घेऊन थेट हिरानुमांकडे गेले आणि दारातच वाकून म्हणाले, "दोष सगळा माझा. माझ्या जागी ओसाकाच्या मुलीला घ्या. हिची जागा काढू नका." आणि पुन्हा सगळं सांगितलं.

हिरानुमांनी हातातले कागद खाली ठेवले.

"मी रडलो होतो, सर."

"बघितलं होतं मी."

"त्या थांबण्यावर मी मासिकाला तीन पानी मुलाखत दिलीय. त्यात माझ्या आईचाही उल्लेख आहे."

इसोगाई आणखी खाली वाकले, आणि कमरेतून आवाज आला म्हणून तिथेच राहिले.

"एक सांगू?" कोनोमी खुर्चीतून म्हणाली. "मला गाता येतंय. उभं राहता येतंय. आणि थांबणं तर आता असं येतंय, की दुसरं काही येतच नाही."

इसोगाईंनी वाकल्या वाकल्याच मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा माणूस परत आला. "बाकी अकरा जणी हिच्याभोवती फिरू देत," ते म्हणाले. "ही मधोमध उभी राहून गाईल. सगळा नाच तिच्याभोवती, आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्या थांबतील, ती एकटी हात नेईल. दोन दिवसांत बसवून देतो. मला फक्त कुणीतरी सरळ करा."

दोन दिवसांत बसवलंही. कोनोमीच्या झालरीच्या पोशाखाखाली मिचिएने स्वतःच्या हाताने पट्टा बांधला आणि तीन औषधी पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या तीन रांगांना त्या दिवशी सुझुनोला कापराचा वास येत असल्याचं कळलं, आणि त्याचाही कुणीतरी अर्थ लावला असणारच.

आठ हजार माणसं भरलेली होती. इसोगाई आणि मिचिए मागे बसले होते. दुसरं कडवं आलं. अकरा मुली थबकल्या. कोनोमीने हात उचलला आणि अर्ध्यावर थांबली. सभागृहातले आठ हजार हात तिच्याबरोबर अर्ध्यावर थांबले. खोकलासुद्धा ऐकू येईना. लांबूनही इसोगाईंना दिसलं, की ही कंबर नव्हे. पोरगी खरोखरच घाबरली होती. आपल्याला जमेल का हे, आपण कोण, असं तिच्या खांद्यांवर लिहिलेलं होतं. पाचव्या ठोक्याला ती सावकाश सरळ झाली, हात वर गेला, आणि आवाज असा उठला की मिचिएने नवऱ्याचं मनगट धरलं. इसोगाईंनी चष्मा पुसला. काचा स्वच्छच होत्या.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे गर्दी होती. कोनोमी खुर्चीत ताठ बसली होती. आई रडत होती, बाबा सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते. हिरानुमा गर्दीतून वाट काढत इसोगाईंपाशी आले, त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले आणि इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला.

"सर, पुढच्या वर्षीचं गाणं फार मोठं करायचंय. यावेळी काहीतरी आणखी खोल हवं." मग त्यांनी इसोगाईंच्या पायांकडे बघितलं. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"एकदम ठणठणीत," इसोगाई छाती पुढे काढून म्हणाले.

हिरानुमांचा चेहरा पडला.