शेवटचं उत्तर घरचं

आमच्या गल्लीत शब्दकोडं बिनचूक सोडवणारा एकच माणूस आहे आणि दर आठवड्याला त्याचं उत्तर चुकतं.

तुम्ही म्हणाल, हे कसं? सांगतो. रविवारच्या पुरवणीत जे कोडं येतं, त्यात आडवे-उभे शब्द भरून भागत नाही. काही चौकटी रंगीत असतात. कोडं पुरं झालं की त्या चौकटींतली अक्षरं उचलायची, मागंपुढं करायची आणि त्यातून एक गुप्त शब्द काढायचा. खाली त्याची बारीकशी खूण दिलेली असते. हा शब्द बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मोबाइलवरून पेपरला कळवायचा. बक्षीस असतं ते या शेवटच्या शब्दाला, बाकीची नुसती हमाली. आमचे तात्या कांबळे ही हमाली इमानेइतबारे करतात आणि शेवटी भलताच शब्द पाठवून मोकळे होतात. एकदा गुप्त शब्द होता 'समुद्र'. तात्यांनी पाठवलं 'चप्पल'. आता स, मु आणि द्र यांच्यावर कुणी कितीही डोकं आपटलं तरी त्यातून चप्पल निघत नाही. तात्यांनी काढली.

बरं, लपवाछपवी नाही. गुरुवारी सकाळी बंडा पैलवानाच्या डेअरीवर दुधाची किटली पुढं करत स्वतःच सांगणार, "ह्या खेपंला चप्पल पाठवली." चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. पैलवान दूध ओतता ओतता थांबायचा आणि माझ्याकडं बघायचा. मी आभाळाकडं बघायचो.

तात्या मूळचे कोडोलीचे. हयात गेली ती स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात. निवृत्त होऊन मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या माडीवर राहायला आले, पण आवाज तिकडं जमा करायचा राहून गेला. आमच्या घराखाली माझं झेरॉक्सचं दुकान. रविवारी ते बंद असतं, हे तात्यांना मान्य नाही. पेपर पडला की शटरवर थाप पडते. "संपादक, उठा! गाडी लागली!" मी झेरॉक्स काढतो म्हणून संपादक. बायको म्हणते, निदान संपादक तरी म्हणतात, बाकीची गल्ली 'ओ झेरॉक्स' म्हणते. मी डोळे चोळत खाली यायचं, मशीन तापवायचं आणि कोडं दुप्पट मोठं करून द्यायचं. अक्षरं मोठीच लागतात. खरं तर तात्यांची नजर घारीची आहे, समोरच्या गच्चीवर कुणाच्या पापडाला कावळा टोचतोय ते इथून सांगतील. पण झेरॉक्स मोठीच पाहिजे.

त्यानंतर घोषणा. तात्या गल्लीच्या मधोमध उभे राहतात, एक हात कानावर ठेवतात आणि सुरू होतात. "लक्ष द्या! उभे चार, तीन अक्षरी, फळभाजी, मधलं अक्षर ड, ही गाडी शालनअक्का यांच्या फलाटावर उभी आहे!"

शालनअक्का कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते. तोंडानं फटकळ, वजनाला सढळ. तिचं उत्तर तयार असतं. "दोडका!"

"तोंडलीबी होतंय की गं अक्का. मधी ड हाय."

"आज तोंडली आणल्याली न्हाय मी. दोडका लिव्हा."

आणि तात्या दोडका लिहितात. आडव्या शब्दाशी जमलं नाही तर दुपारी परत येऊन रीतसर परवानगी मागून तोंडली करतात. अक्का तेवढ्यात दोडका गळ्यात मारते तो मारतेच.

असं प्रत्येक शब्दाचं गिऱ्हाईक ठरलेलं. कुस्तीचे डाव, हाडं आणि खुराक पैलवानाकडं. सिनेमा माझ्या बायकोकडं. माझ्याकडं काय, तर 'कंटाळवाणा', 'किरकिर', 'नाराज' असले शब्द. का ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी उच्चारल्याशिवाय तात्या एक अक्षर भरत नाहीत. एकदा मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला निम्मे शब्द येत असतात. भरून टाका की." तर म्हणाले, "एकट्यानं सोडवलं तर ते कोडं कसलं? ती परीक्षा झाली!"

पण कोडं पुरं झालं, रंगीत चौकटी भरल्या, की मात्र कुणाचं काही ऐकायचं नाही. कागदाची घडी खिशात. आम्ही सगळे माना पुढं करून असतो, कुणाला तरी गुप्त शब्द दिसलेलाही असतो, पण तात्या हात वर करतात. "आडवं-उभं गल्लीचं. शेवटचं घरचं!" आणि जिना चढायला लागतात.

घरात तात्या आणि काकी, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. काकींना दोनेक वर्षांमागं झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आता थोडं चालतात, खिडकीशी बसतात. गल्लीतल्या बायका सुरुवातीला जाऊन आल्या, पण समोरचं माणूस बोलत नाही म्हटल्यावर बसायचं तरी किती वेळ, असं होऊन जाणं कमी झालं. खाली कुणी चौकशी केली की तात्या म्हणतात, "बरी हाय की, निवांत हाय." आणि लगेच पुढची गाडी सोडतात. आम्ही समजायचो, म्हाताऱ्याचं बायकोच्या आजारपणानं जरा सरकलंय, आणि गप्प बसायचो. चपलेचं कोडं मात्र आम्ही कितीतरी दिवस चघळलं.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये घरघंटी आली. म्हणजे आली नाही, छापून आली. पेपरच्या वर्धापनदिनाचं महाकोडं आणि पहिलं बक्षीस घरच्या घरी दळण दळायची घरघंटी, रंगीत फोटोसह. गल्लीचं डोकं फिरलं. शब्द सगळ्यांचे, म्हणजे घरघंटीही सगळ्यांची, हे रविवारी दुपारीच ठरलं. ठेवायची कुठं यावरून सोमवारी भांडण झालं. पैलवान म्हणाला, डेअरीत जागा आहे. शालनअक्का म्हणाली, "तुझ्या डेअरीत म्हशी हायत्या का माणसं? पीठ घाण हुतंय." माझ्या बायकोनं आमच्या दुकानातली कोपऱ्यातली जागा मला न विचारता रिकामी केली. ज्वारी आधी की गहू आधी, याचाही निकाल लागला. फक्त घरघंटी जिंकायची तेवढी राहिली होती.

आणि ती जिंकणं काहीच अवघड नव्हतं. मंगळवारी महाकोडं पुरं झालं. रंगीत चौकटी पाच, खूण 'पहाटेचा सडा'. पारिजातक! पैलवानालासुद्धा आलं, आणि त्याचा फुलांशी संबंध फक्त सत्काराच्या हारापुरता. तात्यांनी कागदाची घडी घातली, "शेवटचं घरचं!" म्हणाले आणि जिना चढले. हा माणूस आता पारिजातकाच्या जागी पोळपाट नाहीतर पायपुसणं पाठवणार.

बुधवारी पाच वाजता दुकानात बैठक बसली. शालनअक्कानं माझ्याकडं बोट केलं. "झेरॉक्स, तुम्ही शिकल्यालं हाय. वर जायाचं, शेजारी बसायचं आणि पारिजातक पाठवल्याबगर खाली यायाचं न्हाय. माझी शपथ हाय." मी म्हटलं, शपथ कशाला, जातो. पण मला राग आलाच होता. रविवारची झोप माझी मोडणार, झेरॉक्स माझी, आणि शेवटी चप्पल!

दार उघडंच होतं. मला बघून तात्या थोडे चपापले, पण आत या म्हणाले. काकी खिडकीशी खुर्चीत. केस नीट विंचरलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांच्यापुढं स्टुलावर माझीच ती दुप्पट मोठी झेरॉक्स होती आणि रंगीत चौकटींतली अक्षरं तात्यांनी लाल पेनानं गिरवलेली होती.

"बघा कोण आलंय. खालचं संपादक," तात्या काकींना म्हणाले, ते इतक्या हळू आवाजात की हा तात्यांचाच आवाज का, असं वाटलं. मी खुर्ची ओढून सरळ विषयाला हात घातला. "तात्या, सहा वाजायला आलेत. पारिजातक आहे ते. पाठवा आणि मोकळे व्हा."

"पारिजातकच हाय," तात्या म्हणाले. "न कळायला काय झालं?"

"मग?"

तात्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "लग्नापासनं आमचं असंच हाय बघा. आडवं-उभं मी भरायचं आणि शेवटचं हिनं सांगायचं. मला ते कधी यायाचंच न्हाय. मी अक्षरं घिऊन ताटकळत बसायचो आणि ही भाकरी थापता थापता आतनं सांगायची. बक्षिसंबी लागली हुती. ही बोलायची थांबली, तवापासनं मला यायला लागलंय." ते स्टुलावरचा कागद सारखा करायला लागले. "पण मी इचारायचं सोडलं तर हिला कळंल की, आता आपल्याला कोण इचारत न्हाय म्हणून."

"पण त्या सांगतात?"

"सांगत्या की! रविवारपासनं रोज बसतो. बुधवारपतोर एक तर शब्द येतोच. जरा चुकतोय. चुकला तर चुकला. तिचा शब्द घिऊन वर मी माझाच पाठवू व्हय?"

"आणि ती चप्पल?"

"लेकीला घिऊन गणपतीपुळ्याला गेलतो, तवा समुद्रात हिची चप्पल व्हावून गेली हुती," तात्या म्हणाले. "म्हंजे समुद्र बरोबर वळखला हुता तिनं. नुसतं तोंडात दुसरं आलं."

मी इतके दिवस त्या चपलेवर हसत होतो, त्याची मनापासून लाज वाटली.

तात्या काकींशेजारी जाऊन बसले. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, खूण वाचली आणि कागद त्यांच्याकडं सरकवला. काकींनी कागद पाहिला, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. बघतच राहिल्या. ओठ हलत होते. मला राहवेना, मी 'पा' म्हणून सुरुवात करून द्यायला तोंड उघडलं, तर तात्यांनी असे डोळे वटारले की मी ते तसंच मिटलं. बाहेर गल्लीत सगळे माझी वाट बघत होते, ते मला ऐकू येत होतं. पैलवान कुणाला तरी सांगत होता की घरघंटीला वीज फार लागत नाही.

काकींनी माझ्याकडं बघतच डावा हात थोडा पुढं केला. "च," त्या म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, "चहा?"

तात्या ताडकन उठले. "ऐकलं? तुम्हाला इचारलं तिनं! पावणं आलंय हे वळखलं आणि चहा इचारला! कवापासनं कुणाला..." खिशातला मोबाइल काढून त्यांनी माझ्या हातात कोंबला. "तुम्हाला इचारलंय, तर तुम्ही लिव्हा. च आणि हा."

"तात्या, घरघंटी..." असं मी म्हणालो खरा, पण ते माझं मलाच पटलं नाही. मी च लिहिला, हा लिहिला आणि पाठवून दिला. मग काकींकडं वळून म्हटलं, "हो काकी, घेतो की. साखर जरा जास्त." तात्यांनी चहा केला. आलं ठेचायचं विसरले, पाणी जास्त झालं. मी कप पुरा संपवला.

खाली आलो तर सगळी गल्ली जिन्याच्या तोंडाशी. "पाठवलं का पारिजातक?" शालनअक्कानं विचारलं.

"चहा पाठवलं," मी म्हटलं. आणि ती तोंड उघडायच्या आत वर काय झालं ते सगळं सांगून टाकलं, न थांबता, कारण थांबलो असतो तर मला परत सुरू करता आलं नसतं.

पैलवान खाली बघायला लागला. माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. आता अक्का काय म्हणते, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. तिनं कमरेवर हात ठेवून माडीच्या खिडकीकडं बघितलं.

"मग चुकलं कुठं तिचं?" ती एकदम माझ्यावरच खेकसली. "पावणं दारात आल्यावर बाईमाणसानं दुसरं काय म्हणायचं असतंय? पारिजातक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तेव्हा कोपऱ्यावरची भाजी उघडी पडलेली आणि शालनअक्का जागेवर नव्हती. दोन गिऱ्हाइकं हाका मारून कंटाळली होती. बऱ्याच वेळानं ती तात्यांच्या जिन्यावरून उतरली, पदरानं तोंड पुसत.

"मलाबी इचारलं," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली.